घरातील शांतिसेनेचे पदक : ओळख आणि जतन

इंदूरच्या एखाद्या मराठी घरात, महूच्या छावणीत नोकरी केलेल्या आजोबांच्या ट्रंकेत, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे, काशाच्या रंगाचे एक गोल पदक सापडते. त्याच्या एका बाजूला जगाचा नकाशा व त्याभोवती ऑलिव्हच्या डहाळ्या असतात, तर दुसऱ्या बाजूला ‘इन द सर्व्हिस ऑफ पीस’ हे शब्द असतात. असे पदक हाती आल्यास ते उजळण्याची घाई मुळीच करू नये. आधी त्याची फीत पाहावी. संयुक्त राष्ट्रांच्या बहुतेक मोहिमांसाठी धातूची चकती एकच असते आणि मोहीम कोणती हे केवळ फितीच्या रंगांवरून कळते. त्यामुळे फीत हरवली की पदक मुके होते.

फीत उन्हाने विटलेली असेल, तर ती मागे जिथे दुमडलेली असते तो भाग भिंगाखाली पाहावा. उजेड न लागल्यामुळे मूळ रंग तिथेच टिकून राहतात. वाळूसारखा पिवळा रंग, मधोमध फिकट निळा पट्टा आणि दोन्ही कडांना गडद निळी व हिरवी अशा बारीक रेघा दिसल्या, तर ते सुएझ संघर्षानंतर 1956 मध्ये उभ्या राहिलेल्या आणि 1967 पर्यंत सिनाई व गाझात तैनात असलेल्या दलाचे पदक होय. त्यातील पिवळा सिनाईच्या वाळवंटाचा, गडद निळा सुएझ कालव्याचा आणि हिरवा नाईलच्या खोऱ्याचा. या एका पदकाच्या चकतीवर मात्र ‘यूएन’ऐवजी ‘यूएनईएफ’ (संयुक्त राष्ट्रांचे आणीबाणी दल) ही अक्षरे असल्याने ओळख सोपी जाते.

कांगोच्या बाबतीत अधिक सावध राहावे. 1960 ते 1964 या काळातील त्या मोहिमेत भारताची मोठी तुकडी होती आणि तिथेच 1961 मध्ये कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांना वीरमरण आले व परमवीर चक्र मिळाले. या मोहिमेसाठी आरंभी पॅलेस्टाईनमधील संयुक्त राष्ट्रांच्या युद्धविराम निरीक्षकांचीच, निळ्यावर दोन बारीक पांढऱ्या रेघांची फीत दिली जाई व तिच्यावर ‘कांगो’ लिहिलेली धातूची पट्टी असे. स्वतंत्र फीत नंतर आली. ती पट्टी निसटली, तर कांगोचा सैनिक पॅलेस्टाईनचा ठरतो, म्हणून ट्रंकेचा तळ नीट चाचपावा.

आमच्या घरी हेच घडता घडता राहिले. छावणीजवळच्या एका दुकानात पदके नव्याने बसवून घेतली, तेव्हा दुकानदाराने मळकी पिवळी फीत काढून नवी निळी लावून दिली. जुनी फीत आजीने शिवणाच्या डब्यात ठेवली होती, म्हणूनच आजोबांचे गाझा आम्हाला परत मिळाले.

संयुक्त राष्ट्रांच्या पदकावर सहसा सैनिकाचे नाव नसते. नाव हवे असल्यास सोबतची भारतीय पदके पाहावीत. विशेषतः 1960 मध्ये सुरू झालेल्या विदेश सेवा पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा व नाव कोरलेले असते आणि फितीवरील पट्टीवर देशाचे नाव असते. म्हणून ही दोन पदके भावंडांच्या वाटणीतही वेगळी करू नयेत. खात्रीसाठी डिस्चार्ज बुकातील, म्हणजे सैन्यातून निवृत्त होताना मिळणाऱ्या सेवापुस्तिकेतील, नोंद पाहावी. ते नसल्यास त्या त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगावला, महारसाठी सागरला व सिग्नल्ससाठी जबलपूरला, सैनिक क्रमांकासह लेखी अर्ज करावा.

जतनासाठी चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही लावू नये आणि सराफ्यातही पॉलिशला देऊ नये, कारण धातूवरची काळपट झाक हे त्याचे संरक्षणच असते. पदक मऊ कोरड्या सुती कापडाने पुसावे. फीत धुऊ नये, इस्त्री करू नये. प्लास्टिकच्या पाकिटाऐवजी जुन्या, धुतलेल्या मलमलीत गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवावे, पावसाळ्यात ओल शोषणारी पुडी शेजारी ठेवावी, डांबराच्या गोळ्या मात्र टाळाव्यात. त्याच डब्यात एका कागदावर नाव, पलटण, मोहीम आणि सालही शाईऐवजी पेन्सिलीने लिहून ठेवावे, म्हणजे ओल लागली तरी अक्षरे पसरणार नाहीत.