डेटा कोणी विभागला, ते आधी विचारा

गेल्या महिन्यात खानापूरच्या एका मुलीचा फोन आला. एम.टेक. झालंय, पीएच.डी.ला नाव नोंदवलंय, विषय मशीन लर्निंगनं नेटवर्कवरचे हल्ले ओळखण्याचा. तिनं पहिलंच विचारलं, "ताई, कुठला अल्गोरिदम घेऊ?" मी म्हटलं, अल्गोरिदम राहू दे. डेटा कोण विभागणार आहे, म्हणजे मॉडेलला शिकवायला (ट्रेनिंग) कुठल्या ओळी आणि तपासायला (टेस्ट) कुठल्या, हे कोण ठरवणार, ते सांग की. ती गप्प झाली. चार वर्षांपूर्वी मला कुणी हे विचारलं असतं तर मीही गप्पच झाले असते. कुणी विचारलं नाही आणि माझं दीड वर्ष गेलं. फोनवर सगळं सांगून झालं नाही, म्हणून इथे लिहिते.

मी निपाणीची. घरात मराठी, शाळा मराठी, ऑफिसात कन्नड, प्रबंध इंग्रजीत. बेळगावात शिकवते आणि शिकवता शिकवता पीएच.डी. करते. माझी बाजू सुरक्षेची: पॅकेट पकडणं, फायरवॉलचे लॉग वाचणं. एआयची बाजू धारवाडच्या एका मॅडमनी घेतली. वयानं मोठ्या आहेत, मी त्यांना अक्का म्हणते. तिसरे कोल्हापूरचे एक सर, संख्याशास्त्राचे. आपल्या भागात असं तिघांचं जमणं अवघड नाही. सकाळी बेळगावच्या सीबीटी बसस्थानकावरून गाडी धरली की जेवायच्या वेळेआधी कोल्हापूर, धारवाड तर त्याहून जवळ. राज्याची हद्द कागदावर आडवी येते, सामंजस्य कराराच्या सह्यांना महिने लागतात, पण करार होईपर्यंत एकत्र वाचायला आणि कोड लिहायला कुणी अडवत नाही. थांबू नका.

आता ज्यात मी अडकले ते. हा भाग सावकाश वाचा, बाकीचा चाळलात तरी चालेल.

आम्ही सीआयसी-आयडीएस-२०१७ हा डेटासेट घेतला. तुम्हीही बहुतेक तोच घ्याल. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक विद्यापीठाच्या सायबर सुरक्षा संस्थेनं ३ ते ७ जुलै २०१७ असे पाच दिवस प्रयोगशाळेतलं नेटवर्क चालवून तो गोळा केला. सोमवारी फक्त साधी रहदारी. मंगळवारी पासवर्ड फोडायचे प्रयत्न, बुधवारी सर्व्हर बंद पाडायचे हल्ले, पुढे वेब हल्ले, घुसखोरी, बॉटनेट, पोर्ट स्कॅन, डीडॉस. सगळ्या फाइली जोडल्या की २८ लाखांवर फ्लो होतात. एक फ्लो म्हणजे दोन मशीनमधलं एक संभाषण, एका ओळीत बसवलेलं.

काम आम्ही असं वाटून घेतलं. आठ सीएसव्ही फाइली मी उतरवल्या. मोकळ्या आणि अनंत आकड्यांच्या ओळी काढल्या, आयपी पत्त्यांचे रकाने काढले, सगळे आकडे एका मापात आणले. काही हल्ल्यांच्या ओळी फारच कमी होत्या, म्हणून स्मोट नावाची पद्धत वापरून त्या वाढवल्या. मग एकच मोठी फाइल करून अक्कांना पाठवली. त्यांनी ती पिसली, ८० टक्के ट्रेनिंगला, २० टक्के टेस्टला. रँडम फॉरेस्ट नावाचा अल्गोरिदम चालवला. अ‍ॅक्युरसी, म्हणजे बरोबर उत्तरांचं प्रमाण, ९९.८ टक्के.

त्या संध्याकाळी मी कॅम्पातून टिळकवाडीपर्यंत चालत गेले, रिक्षा केली नाही, एवढा आनंद झाला होता. पेपर लिहिला, परिषदेला पाठवला.

त्यात काय चुकलं होतं ते एकेक करून सांगते.

पहिलं, पिसणं. अक्का चित्रांवर काम करणाऱ्या. कुत्र्या-मांजरांचे दहा हजार फोटो पिसले तर काही बिघडत नाही, एका फोटोचा दुसऱ्याशी संबंध नसतो. नेटवर्कचे फ्लो तसे नसतात. त्या डेटासेटमध्ये हल्क नावाच्या हल्ल्याचे २,३१,०७३ फ्लो आहेत. ते सगळे बुधवारी सकाळी, एका साधनानं, एका सर्व्हरवर सोडलेले. एक फ्लो बघितला की पुढचे हजार बघितल्यासारखेच. ते पिसून वाटले म्हणजे टेस्टमधल्या प्रत्येक फ्लोचं जुळं भावंड ट्रेनिंगमध्ये जाऊन बसलं. मॉडेलला हल्ला ओळखायची गरजच उरली नाही, भावंड ओळखलं की झालं.

दुसरं, स्मोट. हे माझ्या हातून झालं. हार्टब्लीड नावाच्या हल्ल्याच्या अख्ख्या डेटासेटमध्ये फक्त ११ ओळी आहेत. स्मोट काय करतं, तर दोन जवळच्या ओळींच्या मधल्या जागेत नवी ओळ बनवतं. मी ११ ओळींच्या हजारो केल्या आणि मग फाइल विभागायला दिली. म्हणजे टेस्टमध्ये गेलेल्या ओळींचे आईबाप ट्रेनिंगमध्ये होते, आणि उलटही. हार्टब्लीडवर आमचे पूर्ण शंभर टक्के आले होते. तो आकडा मी पेपरात ठळक अक्षरांत छापायला दिला होता.

तिसरं, मापात आणणं. पूर्ण फाइलीचा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा बघून मी स्केलिंग केलं, म्हणजे टेस्टची माहिती आधीच ट्रेनिंगमध्ये पोचली. या तिन्ही चुकांत ही सर्वांत कमी नुकसानीची, पण सवय वाईट. आज एआयकडून कोड लिहून घेतलात तरी तपासा. विभागणीच्या ओळीच्या वर स्केलिंगची किंवा स्मोटची ओळ दिसली की ती खाली आणा, आणि फक्त ट्रेनिंगवर चालवा.

शिवाय पोर्ट क्रमांकाचा, म्हणजे संभाषण मशीनवरच्या कुठल्या सेवेशी आहे ते सांगणाऱ्या आकड्याचा, रकाना आम्ही ठेवला होता. नंतर बघितलं तर मॉडेल सर्वांत जास्त त्याच रकान्यावर टेकलं होतं. पोर्ट २१ म्हणजे हल्ला, असा काहीसा हिशेब. त्या पाच दिवसांत तो चालून गेला. तुमच्या कॉलेजच्या नेटवर्कवर चालणार नाही.

आता यातली खरी गोष्ट बघा. हल्कचे फ्लो एकाच सकाळचे आहेत, हे मला माहीत होतं. एकमेकांशी जोडलेल्या ओळी पिसायच्या नसतात, हे अक्कांना माहीत होतं. दोन्ही अर्धुकं हजर होती, दोन डोक्यांत. मला वाटलं, विभागणी हे एआयचं काम, त्या बघतील. त्यांना वाटलं, डेटा सुरक्षेवाल्यांकडून आलाय, म्हणजे तपासूनच आला असणार. दोघींनीही एकमेकींचा मान राखला आणि कुणीच विचारलं नाही. संयुक्त संशोधनात चुकण्याची जागा हीच, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फाइल जाते ती. एकट्यानं काम करणाऱ्याला निदान स्वतःच्या सगळ्या पायऱ्या आठवत असतात.

हे उघडकीला आलं ते आमच्या हॉस्टेलच्या नेटवर्कवर. लेखी परवानगी घेऊन आम्ही एका दुपारचे फ्लो मॉडेलला दिले. इशाऱ्यांचा पाऊस पडला. नेटवर्क सांभाळणारे अण्णा आहेत, डिप्लोमावाले, वीस वर्षं त्याच खोलीत. त्यांनी पहिले पन्नास इशारे कागदावर छापले, पेन घेऊन माझ्याशेजारी बसले आणि एकेक खोडत गेले. हे विंडोजचं अपडेट. हे पोरांचं व्हिडिओ बघणं. हा प्रिंटर. पन्नासावर रेघ मारून होईपर्यंत चहा गार झाला होता. एकही हल्ला नव्हता.

घरी गेले तेव्हा आईला सांगितलं. आईनं उभी हयात निपाणीत बिड्या वळल्या. पंचवीस बिड्यांचा कट्टा, कारखान्यात दिला की तपासणारा त्यातून छाट काढायचा, आणि छाट गेली की मजुरी गेली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तपासायचा कट्टा तूच निवडून दिलास व्हय? मग छाट निघंल कशी?" मी तिला आणखी काही समजवायला गेले नाही.

कोल्हापूरच्या सरांनी सगळं पहिल्यापासून करायला लावलं. प्रत्येक हल्ल्याचा आधीचा वेळ ट्रेनिंगला, नंतरचा टेस्टला. स्मोट फक्त ट्रेनिंगवर. मग एकेक हल्ला पूर्ण बाहेर ठेवून, न पाहिलेला हल्ला ओळखता येतो का, ते वेगळं मोजलं. एकूण अ‍ॅक्युरसी फारशी उतरली नाही, आणि इथेच नवखा माणूस फसतो. त्या डेटासेटमध्ये ८० टक्के फ्लो साधेच आहेत. डोळे मिटून सगळ्याला "साधं" म्हणणाऱ्या प्रोग्रामलाही ८० टक्के पडतात. प्रत्येक हल्ल्याचा रिकॉल, म्हणजे खऱ्या हल्ल्यांपैकी किती पकडले ते, वेगळा काढला तेव्हा छोटे हल्ले जवळजवळ दिसेनासे झाले होते. आम्ही पेपर मागे घेतला. त्या वेळी एका वरिष्ठांनी मला सांगितलं होतं, "सगळे असंच करतात, राहू दे." राहू दिलं असतं तर आज पदवी हातात असती. तरीही मागे घेतला हे बरोबर केलं, असंच मला वाटतं.

धीर येण्यासारखं एक सांगते. २०२२ साली युझेनिक्स सिक्युरिटी या परिषदेत डॅनियल आर्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, नावाजलेल्या परिषदांतले सुरक्षा आणि मशीन लर्निंगचे ३० पेपर तपासून दाखवले. अशा दहा चुकांपैकी निदान तीन चुका प्रत्येक पेपरात निघाल्या. हे मी सकाळच्या गाडीत मोबाइलवर वाचलं आणि संकेश्वर येईपर्यंत रडत होते. मोठमोठ्या प्रयोगशाळाही यात सापडल्या आहेत. तुम्ही बेळगावात बसून सापडलात तर तुमच्यात काही कमी आहे असं अजिबात नाही.

एक हिशेब मात्र पाठ करा, कारण तोंडी परीक्षेत कुणीतरी विचारणारच. स्टेफान अ‍ॅक्सेलसन यांनी तो १९९९ मध्येच मांडला होता. समजा दिवसाला दहा लाख फ्लो, त्यांत १०० हल्ल्याचे. तुमचं मॉडेल ९९ टक्के हल्ले पकडतं आणि साध्या फ्लोंवर फक्त १ टक्का चुकीची ओरड करतं. खरे इशारे ९९. खोटे इशारे ९,९९९. म्हणजे शंभर वेळा घंटा वाजली तर जेमतेम एकदा खरी. अण्णांसारख्या माणसानं दिवसभर त्या घंटेमागे धावायचं का? पेपरात अ‍ॅक्युरसी लिहिण्याआधी हे स्वतःला विचारा.

डेटासेटबद्दल माझं ठाम मत आहे. केडीडी कप ९९ कुणी हातात दिला तर घेऊ नका. तो १९९८ च्या कृत्रिम रहदारीवरून बनलेला आहे, आणि त्याच्या ट्रेनिंगमधल्या जवळपास ७८ टक्के ओळी दुहेरी आहेत, हे २००९ मध्येच दाखवून झालंय. तेव्हा काढलेली सुधारित आवृत्ती एनएसएल-केडीडी शिकायला ठीक, पण रहदारी त्याच जुन्या काळातली. मार्गदर्शक तोच वापरा म्हणाले तर आणखी एक नवा डेटासेट सोबत घ्या आणि एकावर शिकवून दुसऱ्यावर तपासा. आकडे पडतील. पडू देत.

स्वतःच्या कॉलेजचा डेटा घेणार असाल तर परवानगी लेखी घ्या, तोंडी नको. प्राचार्य बदलतात. आणि आयपी पत्ते लपवायला नुसतं हॅश करून, म्हणजे ठरलेल्या सूत्रानं त्यांचं दुसऱ्याच अक्षर-आकड्यांत रूपांतर करून, दुसऱ्या विद्यापीठात पाठवू नका. आयपीव्ही४ या पद्धतीचे सगळे मिळून पत्ते ४२९ कोटीच आहेत. साधा लॅपटॉप त्या सगळ्यांचे हॅश काढून यादी बनवतो आणि तुमचे लपवलेले पत्ते उलगडतात. गुप्त चावी घालून हॅश करा आणि चावी तुमच्याकडेच ठेवा, सहकाऱ्यालाही देऊ नका. हे अविश्वासाचं लक्षण नाही. अक्कांनी उलट मला दाद दिली.

महागडा जीपीयू, म्हणजे एआयसाठी वापरतात तो वेगवान प्रोसेसर, लागत नाही. या कामाला रँडम फॉरेस्ट साध्या मशीनवर चालतं, पावसाळ्यात वीज जाते म्हणून दर टप्प्याला निकाल साठवत जा, एवढंच. पैसे घेऊन पेपर करून देणाऱ्यांचे फोन तुम्हाला येतीलच. उचलू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दुसऱ्यांच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ आहे, पण साम्य कमी म्हणजे काम खरं असं होत नाही. अशा विकतच्या कामातल्या डेटावर एक वाक्यही तोंडी परीक्षेत तुम्हाला बोलता येणार नाही.

मार्गदर्शक निवडताना किती पेपर आहेत ते बघू नका. शेवटचा कोड स्वतः कधी उघडला, ते विचारा. आणि कॉलेजच्या नेटवर्क खोलीत बसणाऱ्या माणसाशी ओळख करा, त्याला खुर्ची द्या, त्याचं नाव आभारात घाला. आणखी एक, आपल्या मराठी मुलांना थोडं लागेल तरी सांगते: कन्नड शिका. अर्जाचा कागद वाचता आला पाहिजे, अण्णांच्या जुन्या नोंदी वाचता आल्या पाहिजेत. माझे सहा महिने त्यामुळे वाचले.

आता आमचा नियम ठरला आहे. तिघांच्या सामाईक कागदावर पहिली ओळ: विभागणी कोणी केली, कोणत्या तारखेला, त्याआधी डेटाला कशाकशाचा हात लागला होता. मॉडेल बनवणाऱ्यानं विभागायचं नाही. खानापूरच्या मुलीला मी हेच पाठवलंय, आणि पुढच्या शनिवारी ती तिच्या एआयवाल्या सहकाऱ्याला घेऊन बेळगावला येतेय.

यंदाच्या जूनमधल्या एका आठवड्याचे हॉस्टेलचे फ्लो आम्ही शेवटच्या तपासणीसाठी बाजूला काढलेत. ते अण्णांनीच निवडले. कुठला आठवडा ते मला माहीत नाही, अक्कांनाही नाही. पेनड्राइव्ह त्यांच्या लोखंडी कपाटात कुलपात आहे.