जिन्यावरून पडल्यानंतर हसत सावरताना या चुका टाळा

जिन्यावरून घसरलेला माणूस पुरता उठायच्या आधीच "काही नाही, काही नाही, लागलं नाही मला" असे हसत सांगू लागतो, कारण चार लोकांसमोर पडल्याची लाज त्याला दुखण्याच्याही आधी जाणवलेली असते. हा हसरेपणा मोलाचा आहे. पुढे प्लास्टरमध्ये किंवा अंथरुणावर जे पाच-सहा आठवडे काढायचे असतात, ते ज्याच्या घरात हसू टिकते त्याला निश्चितच सोपे जातात. मात्र हे हसू तपासणीच्या आधी आले तर ते दुखापत झाकून टाकते. पडणे आणि पुन्हा जिना चढू लागणे यांच्या दरम्यान होणाऱ्या ज्या चुका सहज टाळता येतात, त्या येथे सांगितल्या आहेत.

लाजेपोटी ताडकन उभे राहणे

पडल्यावर निदान एक-दोन मिनिटे आहे त्याच जागी थांबावे. श्वास सावरू द्यावा, मग हातापायांची बोटे हलवून पाहावीत, मान दुखते का आणि कुठे बधिरपणा वाटतो का याकडे लक्ष द्यावे. मानेत किंवा पाठीच्या कण्यात तीव्र कळ असेल, हातपाय बधिर झाले असतील, तर जागचे हलू नये आणि इतरांनी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सगळे ठीक वाटत असेल तर आधी कुशीवर वळावे, कोपराच्या आधाराने उठून जवळच्या पायरीवर बसावे आणि चक्कर येत नाही याची खात्री झाल्यावरच कठडा धरून उभे राहावे.

मदतीला धावून येणारे लोक येथे एक मोठी चूक करतात, ती म्हणजे काखेत हात घालून पडलेल्याला ओढून उभे करणे. वयस्कर व्यक्तीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडलेले असेल, तर खुब्याचे हाड मोडल्याची दाट शक्यता असते; अशा व्यक्तीला "चालून बघा, मोकळं होईल" असे म्हणणे अत्यंत घातक ठरते. पाणी देण्याचीही घाई करू नये. माणूस गुंगीत असेल तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

"टेंगूळ आलं म्हणजे धोका टळला" हा समज

सूज बाहेर आली म्हणजे आत काही झाले नाही, असे आपल्याकडे अनेक घरांत मानले जाते आणि मग सगळे निर्धास्त होऊन त्या टेंगळावरून थट्टा सुरू करतात. वस्तुतः बाहेरच्या टेंगळावरून कवटीच्या आतले काहीही कळत नाही. डोके आपटल्यावर पुढचे २४ तास त्या व्यक्तीजवळ कोणीतरी असावे. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, न आवरणारी झोप, झटके, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्राव येणे यांपैकी एकही लक्षण दिसले तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर लक्षणांची वाटसुद्धा पाहू नये. शिवाय ज्येष्ठांमध्ये मेंदूभोवती हळूहळू साचणारे रक्त कधीकधी काही आठवड्यांनी त्रास देऊ लागते. आजोबा पडून महिना झाला आणि आता त्यांची चाल अडखळते आहे किंवा ते विसराळू झाले आहेत असे दिसले, तर वयाला दोष न देता त्या पडण्याची आठवण डॉक्टरांना आवर्जून करून द्यावी.

"मुका मार आहे" म्हणून चोळत बसणे

ताज्या दुखापतीला तेल लावून रगडणे, गरम शेक देणे किंवा हाडवैद्याकडून ओढून घेणे, या तिन्ही गोष्टींनी सूज वाढते, आणि हाड मोडलेले असेल तर ते जागेवरून सरकू शकते. पहिले दोन दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून एका वेळी पंधरा ते वीस मिनिटे ठेवावा आणि दुखरा भाग उशीवर उंच ठेवावा. आंबेहळद-रक्तचंदनाचा लेप न खरचटलेल्या कातडीवर लावायला माझी हरकत नाही. पण लेपाने ठणका कमी झाला म्हणून क्ष-किरण तपासणी टाळणे योग्य नाही.

घोटा मुरगळला आहे की मोडला आहे, हे ठरवण्यासाठी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेले सोपे निकष आजही जगभर वापरले जातात. पडल्यानंतर लगेच आणि पुढे दवाखान्यातही चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या उंचवट्याच्या मागच्या कडेचे हाड दाबल्यावर कळ येत असेल, तर फोटो काढलाच पाहिजे. मनगटाची गोष्ट अधिक फसवी आहे. पडताना आपण हात टेकतो आणि सगळा भार तळव्यावर येतो. अंगठा ताठ वर केला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, दोन ताणलेल्या दोऱ्यांच्या मध्ये एक छोटा खळगा दिसतो. तेथे बोटाने दाबल्यावर दुखत असेल तर त्याखालचे लहानसे हाड तडकलेले असू शकते. ही तडा पहिल्या फोटोत अनेकदा दिसत नाही, म्हणून डॉक्टर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढायला सांगतात. "पहिला फोटो चांगला आला होता" म्हणून ती दुसरी फेरी चुकवू नये, कारण या हाडाचा रक्तपुरवठा तुटपुंजा असतो आणि दुर्लक्ष झाले तर ते जुळत नाही.

विनोदाचा हक्क दुसऱ्यांनी घेणे

पडण्यावर पहिला विनोद पडलेल्या माणसानेच करावा, असे मला मनापासून वाटते. "पायऱ्या किती आहेत ते आज नीट मोजून झालं" असे आजी स्वतः म्हणाली की घरातला ताण सुटतो. तेच वाक्य जावयाने किंवा शेजाऱ्याने म्हटले तर ते टोचते. त्याच्या उलट "बघून चालता येत नाही का?" हे रागाचे वाक्य, जे खरे तर घाबरलेल्या मुलाच्या किंवा सुनेच्या तोंडून काळजीपोटीच निघते, त्याने ज्येष्ठ व्यक्ती पुढच्या वेळी पडल्याचे लपवू लागते आणि दुखणे अंगावर काढते. भेटायला येणाऱ्यांनीही अमक्याच्या काकू अशाच पडल्या आणि पुन्हा उठल्याच नाहीत, अशा कहाण्या रुग्णाच्या खाटेजवळ बसून सांगू नयेत.

हसण्याचा उपयोग केवळ मन रमवण्यापुरता नाही. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, इतरांच्या सोबतीने खळखळून हसल्यानंतर लोकांची वेदना सहन करण्याची मर्यादा वाढलेली आढळली. म्हणून दुपारी एकटे पडून मोबाईल पाहण्यापेक्षा कोणीतरी गप्पांना येणे अधिक चांगले. मात्र वेदनाशामक गोळीची जागा हसणे घेत नाही. पाहुण्यांसमोर हसत राहायचे आणि रात्रभर कण्हायचे, अशी ओढाताण करण्यापेक्षा "आज जास्त दुखतंय" असे सांगण्याची मोकळीक घरात असावी.

बरगडीला मार लागला असेल तर हसताना, खोकताना, शिंकताना जीव कासावीस होतो. अशा वेळी उशी छातीशी घट्ट धरावी आणि मग हसावे. दुखते म्हणून श्वास वरवर घेत राहणे ही येथली खरी चूक आहे, कारण त्यामुळे छातीत कफ साचून न्यूमोनिया होऊ शकतो. दर तासाला काही वेळा सावकाश खोल श्वास घ्यायलाच हवा.

प्लास्टरची हेळसांड

प्लास्टरमध्ये खाज सुटली म्हणून पट्टी किंवा विणकामाची सुई आत घालू नये. बोटे निळसर, थंड किंवा बधिर झाली, किंवा गोळीने न थांबणारा ठणका वाढत गेला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पायाला प्लास्टर असताना पोटरी सुजली किंवा अचानक धाप लागली, तरीही हेच करावे.

जिन्याचा धसका घेऊन बसणे

हाड जुळते, पण जिन्यासमोर उभे राहिले की पाय लटपटतात, आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी व्यक्ती मग महिनोन्‌महिने खाली उतरतच नाही. हालचाल थांबल्याने मांड्यांचे स्नायू कमजोर होतात आणि पुन्हा पडण्याचा धोका उलट वाढतो. यावर उपाय म्हणजे फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने, सोबत कोणी असताना, आधी दोनच पायऱ्यांचा सराव करणे. चढताना चांगला पाय आधी वर ठेवावा. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी खाली ठेवावा. एक हात कायम कठड्यावर असावा, आणि सपाट जमिनीवर काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. नातवाने पुढे उभे राहून पायऱ्या मोठ्याने मोजल्या तर त्या सरावात मौजही येते.

त्याचबरोबर पडण्याचे कारण शोधावे. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे घरगुती जिन्याची पायरी १९० मिलिमीटरपेक्षा उंच आणि २५० मिलिमीटरपेक्षा अरुंद नसावी. जुन्या वाड्यांचे लाकडी जिने या मापात बसत नाहीत. त्याहून धोकादायक असते ती इतरांपेक्षा वेगळ्या उंचीची एकच पायरी, कारण पाय आधीच्या पायऱ्यांच्या अंदाजाने पडतो. अशा पायरीच्या कडेला ठळक रंगाचा पट्टा मारून घ्यावा. जवळचे आणि लांबचे दोन्ही दाखवणाऱ्या चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी धूसर दिसते, तेव्हा उतरताना हनुवटी थोडी खाली घेऊन वरच्या भागातून पाहावे आणि ही अडचण नेत्रतज्ज्ञांनाही सांगावी. उठल्याउठल्या चक्कर येऊन तोल गेला असेल, तर रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर असा दोन्ही वेळा मोजून घ्यावा; रजोनिवृत्तीनंतर स्त्रीचे हाड एखाद-दुसऱ्या पायरीवरून घसरून मोडले असेल, तर प्लास्टर निघण्याची वाट न पाहता हाडांच्या घनतेची तपासणी करण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.