टेपने पोट कसं मोजायचं आणि भूक कशी सांभाळायची

सकाळी नाशिकमध्ये कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर बघा, हातपाय बारीक पण पोट पुढे आलेली कितीतरी माणसं दिसतात आणि विचारलं की म्हणतात, अहो माझं वजन तर नॉर्मल आहे. असेलही, पण चरबी कुठे साठलीय हे वजनकाटा सांगत नाही ना. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षं याच गोष्टीवर काम केलंय. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सेम टू सेम २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! आपल्याकडची बाळंसुद्धा जन्मतः वजनाने कमी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली, हेही त्यांच्याच टीमने दाखवलं.

त्वचेखाली चरबी साठवायची जागा आपल्याकडे लवकर भरते, मग उरलेली पोटात आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये जाते आणि तिथून शुगरचा त्रास सुरू होतो. म्हणून आधी टेप घ्या, शिंप्याकडे असतो तो.

सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी मोजायचं. शर्ट वर करा, बोटाने सगळ्यात खालची बरगडी चाचपा, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा आणि दोन्हीच्या बरोबर मध्ये टेप लावा. पाठीमागे टेप हमखास खाली घसरतो, तेव्हा आरशात बघा नाहीतर घरातल्या कुणाला तरी सरळ धरायला सांगा. श्वास सहज सोडायचा आणि मग आकडा वाचायचा, पोट आत ओढायचं नाही! पँटचा साइज म्हणजे कंबर असं धरू नका, कारण बरेच पुरुष पँट पोटाच्या खालीच बांधतात. पुरुषांमध्ये ९० आणि बायकांमध्ये ८० सेंटीमीटरच्या वर आकडा गेला की लक्ष द्यायलाच हवं.

आता भूक. एकदम जेवण तोडू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमने लेप्टिनचं जीन शोधलं, म्हणजे चरबीच्या पेशी स्वतःच रक्तात लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात आणि साठा किती आहे ते मेंदूला कळवतात. झपाट्याने वजन उतरवलं की लेप्टिन पडतं आणि मेंदू भूक वाढवतो, त्यामुळे उपाशी राहून उतरवलेलं वजन परत येतं तेव्हा त्या माणसाला आळशी नाहीतर खादाड म्हणणं मला अजिबात पटत नाही. हळूहळूच उतरवा.

झोपेचंही तसंच. शिकागोतल्या एका प्रयोगात तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं तर लेप्टिन १८ टक्के कमी झालं आणि पोटातून येणारं भुकेचं हार्मोन घ्रेलिन २८ टक्के वाढलं. सातपूर-अंबडला नाइट शिफ्ट करणाऱ्यांनी घरी आल्यावर खोलीत अंधार करून, मोबाइल लांब ठेवून झोप पूर्ण करा, आणि शिफ्टमध्ये चहाबरोबर बिस्किटाऐवजी फुटाणे-शेंगदाणे ठेवा. २०१९ मध्ये अमेरिकेत केविन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे पॅकेटबंद प्रकारचं आणि दोन आठवडे साधं जेवण पोटभर दिलं, तर पॅकेटवाल्या दिवसांत लोक रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खात होते.

आणि मिसळ सोडायची गरज नाही हो! मोड आलेल्या मटकीत प्रोटीन आणि फायबर दोन्ही आहे, लोड येतो तो तर्रीवरचं तेल, शेव-फरसाण आणि एक्स्ट्रा पावाचा. तर्री वेगळ्या वाटीत मागा, वरचं लाल तेल चमच्याने बाजूला करा, दही घ्या, आधी उसळ खा आणि मग पाव तोडा. दुसरी पावजोडी मागायच्या आधी पंधरा मिनिटं गप्पा मारा, पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जायला तेवढा वेळ लागतोच.

टेप महिन्यातून एकदाच, त्याच वेळी. आकडा वरच असेल तर उपाशीपोटी शुगर, एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि लिपिड (रक्तातली चरबी) या तपासण्या करून घ्या, आणि शुगरच्या गोळ्या नाहीतर इन्सुलिन चालू असेल तर जेवणात काहीही बदलायच्या आधी डॉक्टरांना विचारा, नाहीतर शुगर एकदम खाली जाऊ शकते.