ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युरात पाणीहक्क सरकारला विकायचा असेल तर

गेल्या महिन्यात तीन घरांतून एकच प्रश्न आला. "वहिनी, तुम्ही पाणी सरकारला दिलंत ना? कसं केलंत?" फोनवर दर वेळी काहीतरी सांगायचं राहून जातं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी माझं सांगते. माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षाचं घर. २००६ मध्ये आम्ही मिल्ड्युराला आलो तेव्हा दुष्काळ चालू होता. २००८-०९ च्या हंगामात इथल्या मरे नदीवरच्या हाय रिलायबिलिटी हक्काला, म्हणजे ज्याला आधी पाणी मिळतं त्या खात्रीच्या हक्काला, वर्षभरात फक्त ३५ टक्के पाणी मिळालं. तेव्हा आम्ही दुसऱ्याच्या बागेत कामाला होतो आणि मालकाने कोणत्या ओळी जगवायच्या ते रंगाच्या फडक्यांनी ठरवलेलं मी पाहिलंय. त्याच काळात खाली समुद्राच्या तोंडाशी नदीला वाहायला पाणी नव्हतं. मुख बुजू नये म्हणून २००२ पासून तिथे यंत्रांनी वाळू उपसत होते. मला तेव्हाच कळलं की नदीतून जेवढं काढायचं ठरवलंय, तेवढं तिच्यात नाहीच.

पाणी परत घेण्याचा सगळा खटाटोप त्यासाठी आहे. २००७ चा पाणी कायदा, मग २०१२ चा मरे-डार्लिंग खोरे आराखडा. शेतीतून सुरुवातीला २,७५० गिगालिटर नदीकडे वळवायचं ठरलं, म्हणजे साधारण ९७ टीएमसी. कोयना धरण काठोकाठ भरलं तर १०५ टीएमसी होतं, त्यावरून अंदाज घ्या. वर आणखी ४५० गिगालिटर आहेत, त्यांची मुदत २०२७ अखेरपर्यंत. हे पाणी मिळवायला सरकार शेतकऱ्यांकडून हक्क विकत घेतं. २०१५ मध्ये या खरेदीवर १,५०० गिगालिटरची मर्यादा घातली होती, ती २०२३ च्या दुरुस्तीने उठली आणि खरेदीची वाट मोकळी झाली. २०२४ मध्ये दक्षिण खोऱ्यात ७० गिगालिटरसाठी निविदा निघाली. सक्ती कोणावर नाही. ज्याला द्यायचंय त्याने स्वतःहून भाव टाकायचा.

आता कामाचं.

सगळ्यात आधी एक गोंधळ काढून टाका. आपल्याकडे पाटाचं पाणी जमिनीबरोबर चालतं. नमुना सात भरला, पाटकऱ्याने पाळी दिली, झालं. इथे व्हिक्टोरिया राज्यात १ जुलै २००७ पासून पाणी जमिनीपासून तोडलंय. तुमच्याकडे चार वेगळ्या गोष्टी असतात. पहिली वॉटर शेअर, म्हणजे मूळ हक्क. दुसरी अलोकेशन, म्हणजे त्या हक्कावर यंदा खात्यात जमा झालेलं पाणी. तिसरी डिलिव्हरी शेअर, म्हणजे पाइपातून किंवा कालव्यातून ते तुमच्या शेतापर्यंत आणून देण्याचा वाटा. चौथा पाणी वापरण्याचा परवाना. सरकार घेतं ती फक्त पहिली गोष्ट, आणि ती कायमची जाते. दरवर्षी आपण एकमेकांना विकतो ते अलोकेशन. एका गृहस्थाला वाटत होतं की एका हंगामापुरतं पाणी द्यायचं आणि पैसे घ्यायचे. सही करायच्या आधी तो बोलला म्हणून बरं झालं.

मग वहीत हिशेब मांडा. हीच पायरी लोक घाईत उरकतात, म्हणून माझा हिशेब जसाच्या तसा देते. आमचा ब्लॉक दहा हेक्टरचा, हक्क ११० मेगालिटर (एक मेगालिटर म्हणजे दहा लाख लिटर). त्यातली तीन हेक्टर जुनी सुलताना द्राक्षं उपटली. राहिली सात हेक्टर क्रिमसन जातीची. आमच्या मीटरवर हेक्टरी नऊ मेगालिटर लागतात, म्हणजे एकूण ६३. चांगल्या वर्षी ४७ शिल्लक. पण चांगल्या वर्षावर हक्क विकायचा नसतो. ३५ टक्क्यांचं वर्ष धरा. ११० वर मिळतील साडेअडतीस, म्हणजे साडेचोवीस कमी पडणार. ३० विकून ८० ठेवले तर मिळतील २८, म्हणजे ३५ कमी पडणार. दोन्हीतला फरक साडेदहा मेगालिटर. दुष्काळात ते चढ्या भावाने बाजारातून घ्यावे लागतील. एवढी झळ आम्ही सोसू शकतो असं दोघांनी बसून ठरवलं आणि ३० चाच आकडा टाकला. नवऱ्याचं म्हणणं ४७ चं होतं. मी ऐकलं नाही.

याच पानावर कॅरीओव्हरही लिहा. यंदाचं उरलेलं पाणी पुढच्या वर्षाला किती ठेवता येईल हे तुमच्या हक्कावर ठरतं, त्यामुळे हक्क विकला की ती जागाही कमी होते. लो रिलायबिलिटी, म्हणजे कमी खात्रीच्या हक्काला क्वचितच पाणी मिळतं म्हणून बरेच जण तो आधी काढायला बघतात. तो या साठवणीसाठी कामाला येतो, हे विसरू नका.

त्यानंतर पाणी नोंदवहीतला उतारा काढा. सातबारा वाचता तसा वाचा: नाव, हक्काचा प्रकार, झोन, बोजा. आमच्याकडचा झोन सात, म्हणजे बार्मा या गावाच्या खालची व्हिक्टोरियाची मरे. बार्मापाशी नदी अरुंद आहे, त्यामुळे वरचं पाणी खाली आणायला मर्यादा पडतात आणि झोननुसार भाव बदलतो. झोन न बघता शेपर्टनच्या पाहुण्याने सांगितलेला भाव धरू नका. झालेल्या व्यवहारांचे भाव नोंदवहीत सगळ्यांना बघायला मिळतात. मागच्या वर्षभराचे काढून त्यांच्या जवळपास राहा. फार चढा आकडा टाकला तर सरकारला तो पैशाच्या मानाने महाग वाटतो आणि तुमचा भाव बाजूला पडतो.

पूर्ण हक्क द्यायचा नसेल तर त्याचे दोन भाग करून घ्यावे लागतात. आपली खातेफोडच म्हणा. ती वेळेत करा. हक्क दोघांच्या नावावर असेल तर सही दोघांची, आणि पासपोर्टवरचं नाव नि उताऱ्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्या लोकांची मधली नावं इथे नेहमी कुठेतरी गळतात.

बोजा असेल तर बँकेला पहिल्या दिवशी सांगा. आम्ही सांगितलं नाही. आमचा भाव मान्य झाला, करार हातात आला, आणि बँकेने ३० मेगालिटरवरचा बोजा उतरवायला सात आठवडे लावले. रोज सकाळी फोन, रोज वेगळा माणूस, रोज पहिल्यापासून गोष्ट. छाटणीच्या दिवसांत ते फार जड गेलं. पैसे हक्कावरचं नाव बदलल्यावरच येतात, तेव्हा त्या पैशावर कुठला हप्ता किंवा नवी रोपं बांधून ठेवू नका.

हिशेबनिसाला सही करायच्या आधी भेटा. हक्क ही भांडवली मालमत्ता धरतात आणि नफ्यावर कर बसतो. छोट्या शेतकऱ्याला सवलती मिळू शकतात, पण तुमच्या घरात त्या लागू होतात का ते तोच सांगेल. करारात एक ओळ मुद्दाम शोधा: खात्यात पडलेलं यंदाचं पाणी कोणाचं?

शेजाऱ्याचं आता. या खरेदीवर इथे राग आहे आणि तो मला पटतो. एका कालव्यावरच्या दहापैकी सहा जणांनी पाणी दिलं तर कालव्याचा खर्च उरलेल्या चौघांवर येतो. बाग सुकते, पॅकिंग शेडमधलं काम जातं, शाळेत मुलं कमी होतात. म्हणून आम्ही डिलिव्हरी शेअर सोडला नाही. सोडायचा तर वार्षिक शुल्काच्या दहा पटींपर्यंत रक्कम एकदम मागू शकतात. ठेवला तर दरवर्षी बिल येतं, पण कालवा सगळ्यांचा राहतो आणि कमी पडेल त्या वर्षी विकतचं पाणी आणायला वाट राहते. पूर्ण हक्क देणार असाल तर शेजाऱ्यांना आधी सांगा, जमलं तर कालव्याच्या एका टोकाच्या सगळ्यांनी मिळून द्या.

"सरकार आपल्या पाण्याला जास्त टक्के लावून घेईल" असंही ऐकू येतं. तसं नाही. सरकारकडे गेलेला हक्क तोच राहतो. तुमच्या ८० ला ३५ टक्के तर त्यांच्या ३० लाही ३५ च. ते पाणी ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारच्या पर्यावरण जलधारकाकडे (कॉमनवेल्थ एन्व्हायर्नमेंटल वॉटर होल्डर) जातं आणि कुठे सोडलं त्याची माहिती ते प्रसिद्ध करतात.

ते पाणी कसं दिसतं ते बघायचं असेल तर हट्टाहला जा, मिल्ड्युराहून दक्षिणेला तासाभराच्या आत. चाल्का ओढ्यातून तिथल्या तळ्यांत नदीचं पाणी पंपाने चढवतात. नदीकाठच्या रेड गम झाडांच्या बुंध्यांवर जुन्या पुराच्या पट्ट्या आहेत, माझ्या खांद्याच्याही वर. गेल्या खेपेला पाणी गुडघ्याएवढं होतं आणि कडेच्या चिखलात बोटभर उंचीची रेड गमची रोपं दाटीने उगवली होती. मुलीने वाकून मोजायला सुरुवात केली, चाळीसपर्यंत आली आणि सोडून दिलं.

हक्कावरचं नाव बदललं की नवा उतारा लगेच काढा आणि त्यावर राहिलेलेच आहेत ना (आमचे ८०), बघा. आमच्या उताऱ्यावर पहिले काही दिवस जुनाच आकडा दिसत होता. तो बघून कोणी पाणी फिरवलं तर खातं उण्यात जातं आणि दंडाचं पत्र येतं.