इंदूरची गाडी पुण्याला किंवा बडोद्याला नेताना इन्शुरन्स, चालान आणि आरटीओचं काय करायचं

इंदूरच्या मराठी घरांत कुणाचं ना कुणाचं पोरगं नोकरीला पुण्याला नाहीतर बडोद्याला जातंच, मागोमाग एमपी ०९ नंबरची गाडीपण जाते आणि मग पहिला प्रश्न, तिकडे इन्शुरन्स नवा काढावा लागेल का? नाही लागत. इन्शुरन्स केंद्राचा विषय आहे, इंदूरची पॉलिसी अख्ख्या देशात चालते. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या सक्तीच्या इन्शुरन्सचा, रेटही सगळीकडे सारखाच, कारमध्ये तो इंजिनच्या सीसीवर ठरतो, १००० ते १५०० सीसीला २०२२ मध्ये तो ३४१६ रुपये ठरला होता, मग गाडी राजवाड्यासमोर उभी असो की डेक्कनला.

गावानुसार बदलतो तो ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा हप्ता. प्रायव्हेट गाड्यांसाठी दोन झोन धरतात, ए मध्ये मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद आणि बी मध्ये बाकी सगळा देश, म्हणजे इंदूर आणि बडोदा दोन्ही बी मध्येच. झोन बघतात तो गाडी कुठे रजिस्टर आहे त्यावरून, त्यामुळे पुण्याचा नंबर घेतल्यावर हप्ता थोडा वाढला तर लगेच एजंटवर संशय घेऊ नका.

बडोद्याला जाणाऱ्यांनी मात्र नुसत्या थर्ड पार्टीवर अजिबात राहू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी सोसायट्यांमध्ये शिरलं होतं, अशा वेळी थर्ड पार्टी तुमच्या गाडीला एक रुपया देत नाही, थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही असलेला कॉम्प्रिहेन्सिव्हच लागतो, आणि त्यावर इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्या, कारण पाण्यात बुडालेली गाडी स्टार्ट केली आणि इंजिनमध्ये पाणी गेलं तर साध्या पॉलिसीत ते बहुतेक बसत नाही. पाणी भरलं की चावी फिरवायचीच नाही, सरळ टो करून न्यायची.

आता चालान. मोटर वाहन कायदा १९८८ चा, देशभर एकच, पण कलम २०० नुसार जागेवर किती दंड घेऊन सोडायचं ते राज्यं ठरवतात. २०१९ मध्ये विना हेल्मेटचा दंड १००० झाला तेव्हा गुजरातने लगेच तो ५०० वर आणला होता. म्हणून इंदूरचा आकडा डोक्यात धरून तिकडे वाद घालू नका. इन्शुरन्स संपलेला असेल तर कायद्यात पहिल्यांदा २००० आणि पुन्हा सापडलात तर ४००० आहे, शिवाय तुरुंगाचीही तरतूद आहे. आणि हो, गुजरातमध्ये दारूबंदी आहे, सीमेवरचं पिटोल ओलांडून दाहोदकडे निघायच्या आधी डिकी बघून घ्या, परमिट नसताना एक बाटली सापडली तरी केस होते आणि गाडीसुद्धा जप्त होऊ शकते.

नंबर बदलायची घाई करू नका पण विसरूही नका. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर कलम ४७ नुसार तिथला नंबर घ्यावा लागतो. गाडी कधी आली हे दाखवायला फास्टॅगचं स्टेटमेंट जपून ठेवा, कुणी अडवलं तर ते कामाला येतं. मग आधी थकलेली चालानं भरून टाका, लोन असेल तर बँकेची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला घ्या, इंदूर आरटीओतून फॉर्म २८ वर एनओसी काढा आणि नव्या आरटीओत फॉर्म २७ भरा. तिथे रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो, कारण वाहनांवरचा टॅक्स घटनेनेच राज्यांना दिलाय आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळा, त्यामुळे ही रक्कम आधीच बाजूला काढून ठेवलेली बरी. ज्यांची सारखी बदली होते आणि कंपनीची ऑफिसं ४ किंवा जास्त राज्यांत आहेत त्यांनी नवी गाडी घेतानाच बीएच सिरीजचा, म्हणजे राज्य बदललं तरी न बदलणाऱ्या नंबरचा विचार करा, २०२१ पासून सुरू आहे, टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरता येतो.

नवी आरसी आली की दोन कामं उरतात. पॉलिसीवर नवा नंबर आणि पत्ता चढवून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी कागद जुळत नाहीत, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र तसाच राहतो. आणि इंदूर आरटीओत उरलेल्या वर्षांच्या टॅक्सच्या रिफंडचा अर्ज करा, जुनी टॅक्स पावती आणि नव्या आरसीची कॉपी जोडून.