शेवटच्या तीन किलोमीटरपासून झाडूगाडीपर्यंत: सायकल शर्यतीचा टप्पा संपताना कसा बघावा

जुलै महिन्यात आमच्याकडे रात्रीचं जेवण साडेसातलाच उरकतं. फ्रान्समध्ये तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतात आणि टूर द फ्रान्सचा त्या दिवसाचा टप्पा आपल्याकडे साधारण साडेआठ ते नऊच्या दरम्यान संपतो. शेजारच्या दोघी बहिणी, माझा पुतण्या, कधी शाळेतल्या सहकारी, असे पाच-सात जण जमतात. नव्याने येणारं माणूस हमखास एकच करतं. पहिला सायकलस्वार रेषा ओलांडतो, हे टाळ्या वाजवतं आणि चपला शोधायला लागतं. त्याला मी हात धरून परत बसवते. खरी शर्यत बऱ्याचदा त्यानंतरच्या दोन मिनिटांत ठरते.

मी खोपोलीची. २८ वर्षं शाळेत खेळ शिकवले. लहानपणी मुंबई-पुणे सायकल शर्यत असली की बाबा आम्हाला बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी न्यायचे. पुढे कोणाला तरी ‘घाटाचा राजा’ म्हणून बक्षीस मिळायचं, पण बाबांचं लक्ष मागे असायचं. त्यांच्याकडे पाण्याची बादली आणि तांब्या असे. शेवटचा सायकलवाला जाईपर्यंत बादलीत पाणी शिल्लक राहिलं पाहिजे, हा त्यांचा नियम. तिथूनच मला शर्यत बघायची सवय लागली, आणि ज्यांना शिकायचं आहे त्यांच्यासाठी ती इथे नीट लिहून काढते.

आधी कागद आणि पेन

टीव्हीसमोर बसताना हातात कागद हवा. अनेक टप्प्यांच्या शर्यतीत एकाच वेळी दोन निकाल लागत असतात. आजचा टप्पा कोणी जिंकला हा एक, आणि सगळ्या दिवसांची वेळ मिळवून कोण पुढे आहे हा दुसरा. पिवळी जर्सी दुसऱ्या निकालाची. म्हणून टप्पा संपण्याआधी कागदावर लिहायचं: पिवळ्या जर्सीवाल्याची आघाडी किती, आणि ती मोडू शकेल असा सर्वांत जवळचा कोण.

त्याखाली बोनस लिहायचा. टाइम ट्रायल, म्हणजे एकत्र न पळता घड्याळाविरुद्ध पळायचे टप्पे, सोडून इतर टप्प्यांवर पहिल्या तिघांच्या एकूण वेळेतून अनुक्रमे १०, ६ आणि ४ सेकंद वजा होतात. ऐकायला किरकोळ वाटतं. किती किरकोळ नाही ते पुढे सांगते.

सपाट टप्पा असेल तर

शेवटचे तीन किलोमीटर आले की खुर्ची पुढे ओढा. सपाट टप्प्यावर या हद्दीच्या आत कोणी पडला किंवा सायकल बिघडली, तर ज्या घोळक्यात तो होता त्याच घोळक्याची वेळ त्याला मिळते. अलीकडे काही टप्प्यांसाठी ही हद्द ५ किलोमीटरपर्यंत वाढवतात. त्यामुळे एकूण निकालासाठी धडपडणारे इथे थोडे सैल होतात आणि स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या काही मीटरांत सुसाट सुटणारे, पुढे येतात. मागे कोणी पडलेला दिसला की हळहळायच्या आधी किलोमीटरचा आकडा बघा. हद्दीच्या आत असेल तर त्याची वेळ तरी वाचली.

शेवटच्या किलोमीटरला रस्त्यावर लाल निशाण टांगलेलं असतं. फ्रेंच लोक त्याला ‘फ्लाम रूज’ म्हणतात. तिथपासून सर्वांत पुढच्या माणसाकडे बघू नका. तो बहुधा जिंकायला पळत नसतो. तो वारा अंगावर घेऊन आपल्या स्प्रिंटरला ओढत असतो आणि दमला की बाजूला होतो. त्याच्या मागचा, किंवा मागच्याच्या मागचा, तो खरा गडी. शेवटच्या दोनशे-अडीचशे मीटरला तो चाकामागून बाहेर निघतो. आमच्या घरातला आरडाओरडा तेव्हा सुरू होतो आणि तो झालाच पाहिजे.

रेषेवर सायकलस्वार सायकल हातांनी पुढे फेकल्यासारखी करतात, कारण पुढच्या टायरची पुढची कड मोजली जाते. माणसाची छाती किंवा डोकं नाही. २०१७ च्या टूरमध्ये न्युई-सां-जॉर्जच्या टप्प्यावर मार्सेल किटेलने एडवाल्ड बोआसन हागेनला ६ मिलिमीटरने हरवलं. ६ मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाची रुंदीसुद्धा नाही. असा निकाल असेल तर फोटो येईपर्यंत कोणाचंच अभिनंदन करू नका. तो फोटो विचित्र दिसतो, चाकं लंबगोल होतात, कारण त्यात एका क्षणाचं पूर्ण दृश्य नसतं. फक्त रेषेची उभी पट्टी सतत टिपलेली असते आणि त्या पट्ट्या शेजारी शेजारी लावलेल्या असतात. डावी-उजवी बाजू म्हणजे खरं तर आधी आणि नंतर.

हात वर गेले म्हणजे जिंकला असं नाही

हे मी शाळेतल्या मुलांनाही सांगायचे. २००४ च्या मिलान-सान रेमो शर्यतीत एरिक झाबेलने रेषेआधी हात वर केले आणि शेजारून ऑस्कर फ्रेरेने चाक पुढे काढलं. २०२० च्या लिएज शर्यतीत ज्युलियन अलाफिलिपचं तेच झालं आणि प्रिमोझ रोग्लिच जिंकला. अलाफिलिपने आधी आपली रेघ सोडून इतरांना अडवलं होतं, म्हणून पंचांनी त्याला पाचव्या नंबरवर टाकलं ते वेगळंच.

माझ्या मनात घर करून आहे ती टोकियोची महिलांची शर्यत, २५ जुलै २०२१. ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ चालत नाही. आनेमिक फान फ्लॉयटन रेषेवर आली, हात उंचावले, आनंदाने ओरडली. तिला ठाऊकच नव्हतं की ऑस्ट्रियाची अना कीझनहोफर ७५ सेकंद आधीच पोचली आहे. कीझनहोफर गणितातली डॉक्टरेट, कुठल्याही व्यावसायिक संघात नाही, सुरुवातीलाच पुढे निघून गेलेली आणि मागच्यांच्या हिशेबातून निसटलेली. म्हणून पळून गेलेल्यांची नावं कागदावर लिहा. एकेक जण पकडला गेला की काट मारा. काट न मारलेलं नाव उरलं असेल तर शर्यत अजून त्याची आहे.

घाटातला शेवट: आल्प द्युएझ, १८ ऑगस्ट २०२४

माझी मुलगी ग्रेनोबलला शिकते. त्या वर्षी मी तिच्याकडे होते, आणि महिलांच्या टूरचा शेवटचा टप्पा आल्प द्युएझला संपणार होता. १३.८ किलोमीटरचा चढ, सरासरी ८.१ टक्के, २१ वळणं. वळणांचे आकडे उलटे, खाली २१ आणि वर १, म्हणजे चढताना मोजणी कमी कमी होत जाते. शाळेतून निवृत्त होताना मिळालेलं स्टॉपवॉच मी गळ्यात घातलं होतं. वर रेषेच्या अलीकडे, कठड्याला टेकून जागा मिळाली.

तळहातावर पेनने लिहून ठेवलं होतं: १:१५. पोलंडची कासिया न्येव्हियादोमा पिवळ्या जर्सीत होती आणि डेमी फोलरिंग तिच्या तेवढी मागे. तीन दिवसांपूर्वी पिवळी जर्सी फोलरिंगच्याच अंगावर होती. आम्नेव्हिलच्या टप्प्यावर साधारण सहा किलोमीटर राहिले असताना ती पडली आणि तिचं पावणेदोन मिनिटांचं नुकसान झालं. वर सांगितलेली हद्द तिच्यापासून तीनेक किलोमीटर पुढे होती.

शेवटच्या दिवशी फोलरिंगने आधीच्या ग्लांदोन घाटातच हल्ला चढवला. फक्त पॉलिएना रॉयाकर्स तिच्या चाकाला चिकटून राहिली. आता हिशेब असा. फोलरिंग टप्पा जिंकली तर १० सेकंद बोनस, म्हणजे ७५ मधून १० गेले, ६५ उरले. न्येव्हियादोमाला तिच्यामागून ६५ सेकंदांच्या आत यायचं होतं. मी ६५ ला गोल केला.

माझ्या शेजारी नारिंगी टी-शर्टातल्या एक डच आजी होत्या. फोलरिंग आणि रॉयाकर्स आमच्या समोरून गेल्या, आजी जिवाच्या आकांताने ओरडल्या, फोलरिंगने स्प्रिंट मारून टप्पा जिंकला. मी बटण दाबलं होतं. आजींनी दोन्ही हातांनी कठड्याचा गज धरला आणि मोठ्याने आकडे म्हणायला लागल्या. डच लोक आपल्यासारखंच एकक आधी म्हणतात, ‘एक-आणि-पन्नास, दोन-आणि-पन्नास’ असं. मुलीने कानात सांगितलं तेव्हा कळलं, आणि मग मीही त्यांच्या सुरात सूर मिसळून एक्कावन्न, बावन्न सुरू केलं. पंचावन्नला वळणावर पिवळी जर्सी दिसली. खोगिरावरून उठलेली, तोंड उघडं, खांदे डावीकडे-उजवीकडे जाणारे. साठ. आजी गप्प झाल्या. मी एकसष्ट म्हणाले.

अधिकृत फरक १ मिनिट १ सेकंद. ६५ वजा ६१. न्येव्हियादोमा ४ सेकंदांनी टूर जिंकली. रॉयाकर्स एकूण तिसरी, १० सेकंदांनी. मोठ्या पडद्यावर न्येव्हियादोमा जमिनीवर दिसली. आपण जिंकलो हे तिला दुसऱ्यांनी सांगावं लागलं. आजींनी डोळे पुसले, माझ्या स्टॉपवॉचचा आकडा दोनदा वाचला आणि मग त्या पोलिश मुलीसाठी टाळ्या वाजवल्या. अशा वेळी काय करावं हे मी त्यांच्याकडून शिकले. आपली हरली तर रडावं, तोंड मात्र रस्त्याकडे ठेवावं.

टीव्हीवरही हे करता येतं. पहिला रेषेवर आला की मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करा, आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून मोठ्याने मोजा. पडद्यावरचा आकडा बघण्यापेक्षा स्वतः मोजण्यात जीव जास्त खालीवर होतो.

रस्त्यावर उभं राहणार असाल तर

आपली पुष्कळ मुलंमुली आता युरोपात आहेत, तेव्हा हेही लिहिते. घाटाचे रस्ते कित्येक तास आधी बंद होतात. सकाळीच पोचा. पाणी, टोपी, रेनकोट तिन्ही न्या. आधी जाहिरातींच्या गाड्या येतात आणि टोप्या, खाऊ उधळतात, त्यामागे धावू नका. पुढे हेलिकॉप्टरचा आवाज आला की समजा आले. फ्रेंच लोक ‘अले, अले!’ ओरडतात. अर्थ ‘चला, चला’, पण खोपोलीच्या कानाला ते ‘आले, आले’च ऐकू येतं, आणि मी तेच ओरडले.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. रस्त्यात वाकू नका. २०२१ च्या टूरच्या पहिल्याच टप्प्यावर एक बाई पुठ्ठ्याची पाटी कॅमेऱ्याला दाखवत रस्त्यावर झुकली. टोनी मार्टिन त्या पाटीला धडकला आणि त्याच्यामागे सायकलस्वारांची रांगच्या रांग कोसळली. याच आल्प द्युएझवर १९९९ मध्ये ज्युसेप्पे ग्वेरिनीला फोटो काढणाऱ्या प्रेक्षकाने पाडलं होतं. तो उठून जिंकला, पण प्रत्येकाला तसं उठता येत नाही. मोबाइल खिशात ठेवा. लेन्समधून सायकल लांब वाटते आणि ती तुमच्या कोपरापाशी आलेली असते. सोबत पळू नका, पाठीला हात लावू नका, लहान मुलांचा हात सोडू नका.

मागचे येईपर्यंत

पुढचे पोचले की पदक समारंभाकडे गर्दी सरकते. तुम्ही थांबा. डोंगरातल्या टप्प्यावर स्प्रिंटर आणि दमलेले मदतनीस मागे एक घोळका करून येतात. त्यांनाही मुदत असते. विजेत्याच्या वेळेवर ठरावीक टक्के जास्त, त्याहून उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी घरी.

२०२४ च्या टूरच्या पहिल्याच दिवशी इटलीच्या उन्हात मार्क कॅव्हेंडिश सुरुवातीच्या चढांवरच मागे पडला. त्याला उलट्या होत होत्या. संघातले सहकारी त्याच्याभोवती राहिले, आणि विजेत्यानंतर अर्ध्या तासाहून उशिरा, पण मुदतीत, त्यांनी त्याला पोचवलं. चार दिवसांनी, ३ जुलैला, साँ-व्हुल्बा इथे तो टप्पा जिंकला. टूरमधला त्याचा ३५ वा. एडी मर्क्सचा ३४ टप्प्यांचा विक्रम तेव्हा मोडला. आमच्या घरी त्या रात्री पेढे वाटले, आणि पहिल्या दिवशी शेवटपर्यंत बसलेल्या पुतण्याला दोन मिळाले.

सगळ्यांत मागे झाडूगाडी असते. खरंच तेच नाव आहे, फ्रेंचमध्ये ‘व्हुआत्युर बाले’. शर्यत सोडलेल्यांना ती गोळा करत येते. आल्प द्युएझला आम्ही तिची वाट बघत थांबलो. ऊन उतरलं होतं, आजी निघून गेल्या होत्या, कठड्याशी दहा-बारा जण उरले होते. तिच्यापुढे एकटी मुलगी चढत होती, जर्सीवर मिठाचे पांढरे डाग, नजर पुढच्या चाकावर. आम्ही टाळ्या वाजवल्या. तिने डाव्या हाताची दोन बोटं हँडलवरून जेमतेम उचलली. स्टॉपवॉच अजून चालूच होतं, ते मी ती रेषेवर पोचल्यावर बंद केलं.