दिवाळखोरीनंतरही शिक्षणकर्जाच्या वसुलीचे फोन येत असतील तर

अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, त्या कायद्याच्या चॅप्टर ७ खाली कोर्टाचा डिस्चार्ज, म्हणजे कर्जमाफीचा हुकूम, मिळाला, जरा हुश्श वाटलं. मग एके संध्याकाळी फोन येतो: "स्टुडंट लोन बँकरप्सीत माफ होत नसतं. आज निदान पन्नास डॉलर भरा." पहिलं वाक्य अर्धंच खरं आहे, आणि ते बोललं जातं ते दुसऱ्या वाक्यासाठी.

फोनवर चार गोष्टी विचारून लिहून घ्या: एजन्सीचं नाव, पत्ता, मूळ कर्ज कोणाचं, रक्कम किती. कर्ज कबूल करू नका, बँक खात्याचा नंबर देऊ नका, आणि ते पन्नास डॉलर तर मुळीच भरू नका. खाजगी कर्जासाठी कोर्टात जायची मुदत राज्याराज्यात वेगळी असते, आणि बऱ्याच राज्यांत थोडी रक्कम भरली तरी ही मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. सरकारी कर्जाला अशी मुदतच नाही.

एजन्सीने पहिल्या संपर्कानंतर पाच दिवसांत कर्जाचा लेखी तपशील पाठवायला हवा. तो मिळाल्यापासून ३० दिवसांत "हे कर्ज मला मान्य नाही, पुरावा द्या" असं पत्र सर्टिफाइड मेलने, पोचपावती मागून पाठवा. पुरावा येईपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते. हे नियम कर्जवसुलीच्या १९७७ च्या कायद्यातले. तो मुख्यतः बाहेरच्या वसुलीवाल्यांना लागू आहे, मूळ कर्ज देणाऱ्याला सहसा नाही.

आता डिस्चार्जचा कागद काढा. त्यावर कुठली कर्जं गेली, म्हणजे माफ झाली, याची यादी शोधाल, तर ती नसते. उलट मागच्या बाजूला न गेलेल्या कर्जांची उदाहरणं असतात, आणि त्यात 'बहुतेक विद्यार्थी कर्जं' असे शब्द येतात. बहुतेक, सगळी नव्हे. कागद हरवला असेल तर पेसर या कोर्टांच्या सरकारी संकेतस्थळावर पानाला १० सेंट देऊन मिळतो. तिमाहीत ३० डॉलरपर्यंतचं बिल माफ असतं. त्याच फायलीतलं शेड्यूल ई/एफ, म्हणजे तुम्ही दिलेली विनातारण कर्जांची यादी, उतरवून घ्या आणि हे कर्ज तुम्ही तिथे नोंदवलं होतं का, ते बघा.

पुढचा प्रश्न: कर्ज सरकारी की खाजगी? स्टुडंटएड डॉट गव्ह वर लॉग-इन केलं की सरकारी कर्जं दिसतात. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या आपल्या मुलांना सरकारी कर्ज मिळतच नाही, त्यामुळे त्यांचं कर्ज इथल्या खाजगी कंपनीचं नाहीतर भारतातल्या बँकेचं असतं.

खाजगी असेल तर खरी मेख इथे आहे. २००५ पासून खाजगी कर्जालाही माफीपासून संरक्षण आहे, पण ते कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या 'पात्र शिक्षणकर्जा'ला. मान्यता नसलेल्या संस्थेसाठी, वकिलीच्या बार परीक्षेच्या तयारीसाठी, वैद्यकीय रेसिडेन्सीला जाण्याच्या खर्चासाठी, किंवा कॉलेजने ठरवलेल्या शिक्षणखर्चाच्या वर घेतलेलं कर्ज त्यात सहसा बसत नाही. ते क्रेडिट कार्डासारखं साध्या डिस्चार्जनेच जातं. २०१९ ते २०२१ या काळात तीन अपील कोर्टांनी या बाजूने निकाल दिले, आणि मार्च २०२३ मध्ये सीएफपीबी या ग्राहक संरक्षण संस्थेने अशा गेलेल्या कर्जांची वसुली बेकायदा असल्याचं बजावलं (ते पत्रक संस्थेने २०२५ मध्ये मागे घेतलं). कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसकडून त्या वर्षाच्या शिक्षणखर्चाचा आकडा लेखी मागवा आणि कर्जाच्या करारातल्या रकमेशेजारी ठेवून बघा.

कर्ज गेलेलं दिसलं तर डिस्चार्जची प्रत जोडून एजन्सीला पत्र लिहा. तरी फोन थांबले नाहीत, तर दिवाळखोरी कोर्टात अवमानाचा अर्ज करता येतो. तारीख, वेळ, बोललेले शब्द एका वहीत टिपत जा. वकील पहिल्यांदा तीच मागेल.

कर्ज सरकारी किंवा 'पात्र' असेल, तर मागणी वैध असू शकते. सरकारी कर्जासाठी कोर्टाच्या हुकमाशिवायही हातात पडणाऱ्या पगाराचे १५ टक्क्यांपर्यंत कापता येतात. खाजगी कंपनीला आधी दावा जिंकावा लागतो. तरी वाट बंद नाही. फेडल्यास 'असह्य हालअपेष्टा' होतील, हे दिवाळखोरी कोर्टात वेगळ्या दाव्याने सिद्ध करता येतं. केस बंद झाली असली तरी त्यासाठी ती जादा फी न भरता पुन्हा उघडता येते, आणि ऋणकोला या दाव्याची फीही पडत नाही. सरकारी कर्जासाठी नोव्हेंबर २०२२ पासून न्याय विभागाचा एक फॉर्म आहे, त्यात उत्पन्न, खर्च आणि फेडायचा केलेला प्रयत्न लिहायचा. आधी लोक हा दावा लावायलाच धजत नसत.

कोर्टाचं समन्स आलं, तर बाकी सगळं बाजूला ठेवून मुदतीत उत्तर द्या. गप्प बसलात तर एकतर्फी निकाल लागतो.

आणि न्यू जर्सीच्या मामांनी को-साइनर, म्हणजे सहकर्जदार, म्हणून सही केली असेल, तर तुमचा डिस्चार्ज त्यांना वाचवत नाही. भारतात सहकर्जदार असलेल्या वडिलांनाही नाही. त्यांना फोन जायच्या आत तुम्हीच सांगा, आणि कागदांची एक प्रत त्यांच्याकडेही ठेवा.